'आठवड्याची गोळी' म्हणून मेथोट्रेक्सेट दिले आणि आजींनी ते रोज घेतले: सांगण्यात नेमके काय चुकले?

प्रश्न: डीफार्म_प्रशिक्षणार्थी

नमस्कार. मी डी. फार्म.ची (औषधनिर्माणशास्त्र पदविकेची) परीक्षा देऊन सध्या एका तालुक्याच्या गावी मेडिकलवर प्रशिक्षण घेत आहे. नियमाप्रमाणे ५०० तास पूर्ण करायचे असतात आणि त्यांतले किमान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठ्यांवरून औषधे देण्यात जावे लागतात. माझे निम्म्याहून अधिक तास झाले आहेत. त्यामुळे आपल्याला काम जमू लागले, अशा समजुतीत मी होते.

तीन आठवड्यांपूर्वी साठी ओलांडलेल्या एक आजी सुनेबरोबर आल्या. हाताची बोटे सुजलेली, सकाळी मूठ वळत नाही, आमवाताचे निदान नवीनच झालेले. चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट ७.५ मिलीग्रॅम आणि त्यापुढे इंग्रजी लिपीत 'ओ डब्ल्यू' अशी दोनच अक्षरे होती. खाली फॉलिक ॲसिड ५ मिलीग्रॅम, दुसऱ्या दिवशी. 'ओ डब्ल्यू' म्हणजे आठवड्यातून एकदा, हे मला ठाऊक होते. मी दोन्हींचे दहा-दहा गोळ्यांचे एकेक पाकीट काढले आणि म्हणाले, "आजी, ही आठवड्याची गोळी आहे, आणि ही दुसरी दुसऱ्या दिवशी घ्यायची." आजी "बरं बाळा" म्हणाल्या, सुनेने पैसे दिले आणि मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

सातव्या दिवशी सून एकटीच आली. "आत्यांचं तोंड आलंय. तिखट राहू दे, साधं पाणीसुद्धा झोंबतंय. काहीतरी लावायला द्या," असे ती म्हणाली. मी तोंडाला लावायचे जेल आणि बी कॉम्प्लेक्सचे पाकीट काउंटरवर ठेवलेही होते. आधीच्या गोळ्या चालू आहेत ना, एवढेच सहज विचारले, तेव्हा तिने पिशवीतून दोन्ही पाकिटे काढली. फॉलिक ॲसिडच्या पाकिटातली एक गोळी गेली होती. मेथोट्रेक्सेटच्या सहा गेल्या होत्या.

आमच्या मालकांनी तत्काळ डॉक्टरांना फोन लावला आणि त्याच दुपारी आजींना जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल करण्यात आले. पांढऱ्या पेशी बऱ्याच उतरल्या होत्या. ल्युकोव्होरिन (मेथोट्रेक्सेटवरचा उतारा) देण्यात आले आणि नऊ दिवसांनी त्या घरी आल्या. आता बऱ्या आहेत. "चिठ्ठीत होतं तेच दिलं, आपली काही चूक नाही," असे मालक म्हणतात, पण ते माझ्या मनाला पटत नाही.

माझे तीन प्रश्न आहेत. कर्करोगात हेच औषध ग्रॅमच्या हिशेबात देतात असे आम्ही शिकलो. मग सहा दिवसांत मिळून अवघ्या ४५ मिलीग्रॅमने एवढे कसे झाले? मी नेमके कोणते वाक्य बोलायला हवे होते? आणि हा औषधाचा दुष्परिणाम मानायचा की आमची चूक? त्याची नोंद कुठे करायची असते का?

उत्तर १: खल_आणि_बत्ता (औषधशास्त्र शिकवतो)

तुमचा पहिला प्रश्न मी वर्गात दरवर्षी विचारतो आणि बहुतेकांचे उत्तर "डोस जास्त झाला" असे येते. ते अर्धेच बरोबर आहे, कारण येथे 'किती' यापेक्षा 'किती दिवस सलग' याला अधिक महत्त्व आहे.

मेथोट्रेक्सेट हे डायहायड्रोफोलेट रिडक्टेज या विकराला (एन्झाइमला) अडवते. त्यामुळे पेशीला डीएनए घडवण्यासाठी लागणारे क्षपित, म्हणजे वापरण्याजोग्या रूपातले, फोलेट हे जीवनसत्त्व मिळेनासे होते. जी पेशी त्या वेळी डीएनएची नक्कल करत असेल तीच सापडते; विश्रांतीत असलेली पेशी वाचते. आठवड्यातून एकदा घेतलेली गोळी मूत्रपिंडावाटे एक-दोन दिवसांत रक्तातून बरीचशी निघून जाते आणि उरलेले दिवस अस्थिमज्जेला आणि आतड्याच्या अस्तराला सावरायला मिळतात. रोजच्या गोळीत तो सावरण्याचा काळच नाहीसा होतो. आज वाचलेली पेशी उद्या सापडते, उद्याची परवा. कर्करोगात ग्रॅमने दिले जाते तेव्हा ते रुग्णालयात, ठरावीक तासांत, भरपूर सलाइन देऊन, रक्तातील पातळी मोजत दिले जाते आणि ठरलेल्या तासाला ल्युकोव्होरिन सुरू केले जाते. म्हणजे मारा मोठा असला तरी त्याचा काळ मोजून घेतलेला असतो. घरी रोज घेतलेल्या लहान गोळीला अशी मुदतच नसते, म्हणून ती माणसाचा जीवही घेऊ शकते.

आमवातात औषधाचा हेतू पेशी मारण्याचा नसून दाह शमवण्याचा असतो. औषधाचा काही भाग पेशींच्या आत पॉलिग्लुटामेट स्वरूपात दीर्घकाळ अडकून राहतो आणि परिणाम टिकतो. रोज द्यायची गरज पडत नाही ती यामुळे. गुण यायला मात्र सहा ते बारा आठवडे लागतात. एवढा धीर रुग्णाला नसतो, म्हणून "गुण येत नाही, रोज घेऊन पाहू" असा मोहही होतो. दुकानात हेही सांगितले गेले पाहिजे.

आजींचे आधी तोंडच का आले, हे समजून घेण्यासारखे आहे. तोंडाच्या अस्तराच्या पेशी थोड्याच दिवसांत बदलतात, त्यामुळे नवी फळी आली नाही की ते लगेच उघडे पडते. रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे आयुष्यही अल्प असते. प्लेटलेट आठ-दहा दिवस टिकतात. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस, म्हणून हिमोग्लोबिन सर्वांत शेवटी उतरते. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याचे तोंड येणे हे जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे लक्षण समजून बी कॉम्प्लेक्स देऊन मोकळे होणे धोक्याचे आहे, ते याच कारणाने. तुम्ही जेल काउंटरवर ठेवूनही आधीच्या गोळ्यांबद्दल विचारलेत. 'सहज' विचारले असे तुम्ही म्हणता. मी तुमचा परीक्षक असतो तर त्या प्रश्नाचे पूर्ण गुण दिले असते.

आणखी एक गोष्ट परीक्षेत आणि व्यवहारात दोन्हीकडे चुकते. फॉलिक ॲसिड आणि ल्युकोव्होरिन, म्हणजे फोलिनिक ॲसिड, ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. फॉलिक ॲसिडला उपयोगी पडण्यासाठी त्याच विकराच्या दारातून जावे लागते आणि ते दार तर मेथोट्रेक्सेटने बंद केलेले असते. ल्युकोव्होरिन परसदाराने आत येते. म्हणून अशा वेळी घरी फॉलिक ॲसिडच्या चार गोळ्या जास्त देऊन वाट पाहणे म्हणजे मोलाचे तास घालवणे होय.

थोडे विषयांतर करतो. या फॉलिक ॲसिडच्या शोधाची वाट आपल्या मुंबईतून गेली आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. गरोदर स्त्रियांना, त्यातही कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना होणाऱ्या एका विशिष्ट पांडुरोगाचा तिने अभ्यास केला. परळच्या हाफकिन संस्थेत तिने प्रयोग केले आणि यीस्टच्या अर्कात, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या मार्माइटमध्ये, त्यावरचा गुण सापडला. पुढे तो घटक फोलेट निघाला. आज मेथोट्रेक्सेटच्या प्रत्येक चिठ्ठीत जी दुसरी गोळी असते तिचे मूळ असे परळमध्ये आहे.

उत्तर २: तालुक्याचा_केमिस्ट

मी २२ वर्षे काउंटरवर उभा आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

तुमचे वाक्य पुन्हा वाचून पाहा. "ही आठवड्याची गोळी आहे." आपल्या मराठीत 'महिन्याचा किराणा' म्हणजे महिनाभर रोज पुरणारा किराणा. 'आठवड्याच्या गोळ्या' म्हणजे आठवडाभर चालणाऱ्या गोळ्या. जंतुसंसर्गाच्या गोळ्या देताना आपणच म्हणतो, "आठवड्याच्या दिल्यात, पूर्ण करा." आजींनी तुमचे शब्द चुकीचे ऐकले नाहीत, ते जसे होते तसे तंतोतंत ऐकले. "दुसरी दुसऱ्या दिवशी" हेही त्यांनी पाळले: दुसऱ्या दिवशी फॉलिकची एक घेतली आणि थांबल्या. दोन्ही सूचना पाळूनच त्या आजारी पडल्या.

मी असे बोलतो: "काकू, ही गोळी आठवड्यातून फक्त एकदा. वार कोणता ठरवायचा?" वार त्यांनाच निवडू देतो. आमच्याकडे बुधवारचा बाजार असतो आणि पुष्कळ जण बुधवारच घेतात, कारण तो विसरला जात नाही. सोमवार किंवा गुरुवारचा उपवास असेल तर तो वार टाळायला सांगतो. उपाशी पोटी मळमळले की माणूस आपल्या मनाने वार बदलतो आणि मग हिशेब चुकतो. वार ठरला की पुढे म्हणतो, "बुधवारी एक. गुरुवारी ही नाही, शुक्रवारी नाही, थेट पुढच्या बुधवारी." मग पेनाने पाकिटावर 'फक्त बुधवार' असे पूर्ण अक्षरांत लिहितो. नुसते 'बु' नाही. ब्रिटनच्या औषध नियामकानेही २०२० मध्ये हेच सांगितले की वार ठरवून तो चिठ्ठीवर पूर्ण लिहावा. इंग्रजीत 'मंडे' हे घाईत 'मॉर्निंग' असे वाचले गेल्याची उदाहरणे आहेत. सोमवार आणि सकाळ यांत तसा घोटाळा होत नाही, तेवढा मराठीचा फायदा घ्यावा.

यानंतरचा भाग तुमच्याकडून राहिला. "समजलं ना?" असे विचारू नका. त्याचे उत्तर नेहमी "हो" असते. मागे रांग असताना कोण "नाही" म्हणेल? त्याऐवजी विचारा, "मी नीट सांगितलं का ते बघतो. तुम्ही ही कधी घेणार, ते मला सांगा." रुग्णाने स्वतःच्या तोंडाने वार उच्चारला पाहिजे. मला या प्रश्नावर आजवर "रोज रात्री" असे उत्तर चार वेळा मिळाले आहे, आणि त्यांतला एक जण निवृत्त शिक्षक होता.

आता पाकिटाकडे येतो. दहा गोळ्यांचे पाकीट आपल्या डोळ्यांना 'दहा दिवस' असेच दिसते, पण येथे ते अडीच महिन्यांचे औषध आहे. मी पहिल्या खेपेला चारच गोळ्या देतो. कापताना बॅच आणि मुदतीचा भाग दुकानात राहिलेल्या तुकड्यावर जातो, म्हणून ते दोन्ही बिलावर आवर्जून लिहितो. मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड ही दोन्ही मूळ द्रव्ये पिवळी असल्यामुळे गोळ्याही बहुधा पिवळसर, लहान आणि दिसायला जवळपास सारख्या असतात. त्यात मेथोट्रेक्सेटच्या एका खूप खपणाऱ्या ब्रँडचे नावच 'फोलि' या अक्षरांनी सुरू होते. मी दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो आणि गिऱ्हाइकालाही दोन वेगळ्या कागदी पिशव्यांत देतो.

बाजारात २.५, ५, ७.५, १०, १५ अशा कितीतरी ताकदी आहेत. ७.५ संपली म्हणून २.५ च्या तीन दिल्या तर मात्रा तीच राहते. पण पुढच्या महिन्यात ७.५ आली आणि रुग्णाला "तीन घ्यायच्या" हेच आठवत असेल तर काय होईल, याचा विचार करा. म्हणून असा बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. औषधे नियमावलीतील नियम ६५ (११अ) तसाही परिशिष्ट एचमधील (फक्त चिठ्ठीवर द्यायच्या) औषधाच्या जागी दुसरे काही देऊ देत नाही.

आणि "चिठ्ठीत होतं तेच दिलं" याबद्दल, तुमच्या मालकांचा मान राखून सांगतो: फार्मसी प्रॅक्टिस विनियम २०१५ पासून रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे फार्मासिस्टच्या कर्तव्यात लिहिलेलेच आहे. गोळी हातात पडली की आपले निम्मे काम होते. मात्र त्यांनी त्या दुपारी वेळ न घालवता फोन केला, हेही विसरू नका. पुष्कळ दुकानांत जेल विकून विषय संपला असता.

उत्तर ३: निवासी_डॉक्टर_मेडिसिन

'ओ डब्ल्यू' हे लिहिणे ही आमच्या बाजूची चूक आहे आणि ती आधी मान्य करतो. २०१६ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने आपल्या आचारनियमात बदल करून औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असे सांगितले, पण ते नावापुरते झाले. 'कधी घ्यायचे' हा भाग तसाच गुंतागुंतीचा राहिला. आमची नेहमीची १-०-० ही खूण दिवसाचे तीन भाग दाखवते. तिच्यात आठवड्याला जागाच नाही. जुन्या माहितीपत्रकांत आठवड्याची मात्रा बारा-बारा तासांनी तीन भागांत घ्यायचीही एक पद्धत दिलेली आढळते आणि तिच्यामुळे गोंधळ वाढतो. यापुढे कोणत्याही चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेटपुढे वार नसेल तर फोन करा. डॉक्टर चिडले तर चिडू द्या.

काउंटरवर तुम्हाला उपयोगी पडतील अशा काही गोष्टी आणखी सांगतो.

माझ्या मते रोजच्या गोळीनंतरचा सर्वांत मोठा सापळा को-ट्रायमॉक्सॅझोल या जंतुसंसर्गावरच्या औषधाचा आहे. आजी उद्या लघवीच्या जळजळीसाठी गावातल्या दुसऱ्या डॉक्टरकडे जातील, त्यांना मेथोट्रेक्सेटचे माहीत नसेल आणि ते को-ट्रायमॉक्सॅझोल लिहून देतील. त्यातले ट्रायमेथोप्रिमही फोलेटच्याच मार्गात आडवे येते, शिवाय मेथोट्रेक्सेटचे मूत्रपिंडातून बाहेर पडणे मंदावते, आणि मग आठवड्यातून एकदाच गोळी घेणाऱ्याच्याही तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी घसरू शकतात. दोन वेगळ्या डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या एकाच ठिकाणी एकत्र येतात ते तुमच्या काउंटरवर. तेथे ती जोडी अडवून फोन करणे हे तुमच्याशिवाय दुसरे कोणी करू शकत नाही.

वेदनाशामकांबाबत पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे घेऊ नका. डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅकसारखी औषधे मेथोट्रेक्सेटची पातळी वाढवू शकतात हे खरे. पण आमवातात आठवड्याच्या कमी मात्रेबरोबर आम्ही ती मूत्रपिंडाची तपासणी बघून देतोच. अडचण होते ती मूत्रपिंड कमजोर असताना, किंवा जुलाब-उलट्यांनी वा उन्हाळ्यात शरीरातले पाणी कमी झाले असताना. म्हणून चिठ्ठीवरच्या वेदनाशामकावर काट मारू नका, पण चिठ्ठीविना कोणी "अंगदुखीचं काहीतरी द्या" म्हणाले तर मेथोट्रेक्सेट चालू आहे का ते विचारा.

रुग्णाला कोणत्या लक्षणांवर त्याच दिवशी पाठवायचे, तेही सांगतो: तोंड येणे, ताप किंवा घसा धरणे, हिरड्यांतून रक्त वा अंगावर जांभळे ठिपके, नव्याने सुरू झालेला कोरडा खोकला आणि दम लागणे, सतत उलट्या-जुलाब, लघवी कमी होणे. दम आणि खोकला हे फुप्फुसाच्या दाहाचे असू शकतात आणि तो योग्य मात्रेतही होतो. कावीळ असेल, दारूचे नियमित सेवन असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर गेले पाहिजे. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीच्या चिठ्ठीवर हे औषध दिसले तर गरोदरपणाबद्दल एकांतात आणि सभ्य शब्दांत विचारणे आवश्यक आहे, कारण गर्भावर याचा गंभीर परिणाम होतो.

एखादा बुधवार चुकला तर दोन दिवसांच्या आत आठवल्यास घ्यावी आणि पुढची पुन्हा ठरल्या बुधवारीच. त्याहून उशीर झाल्यास ती मात्रा सोडून द्यावी. भरपाई म्हणून दोन कधीच घेऊ नयेत. रक्ततपासणी, म्हणजे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृताची विकरे आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी आणि नंतर आठ ते बारा आठवड्यांनी करतात. "तपासणी कधी झाली?" हा एक प्रश्न औषध देताना विचारत जा.

प्रतिसाद: बीफार्म_तिसरे_वर्ष

सर, एक शंका आहे. एवढी यादी ऐकवली तर रुग्ण घाबरून औषधच बंद करणार नाही का? माझ्या आत्याला सोरायसिससाठी हेच औषध दिले होते. माहितीपत्रकातला 'कर्करोग' हा शब्द वाचून तिने ते पाकीट उघडलेसुद्धा नाही.

उत्तर ४: तालुक्याचा_केमिस्ट

तुमची शंका अगदी योग्य आहे. डॉक्टरांनी दिलेली यादी आपल्यासाठी आहे. ती सगळी काउंटरवर वाचून दाखवायची नाही. मी पहिल्या दिवशी तीनच गोष्टी सांगतो: वार कोणता, तोंड आले किंवा ताप आला तर पुढची गोळी न घेता आधी डॉक्टरांना दाखवायचे, आणि दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर हे पाकीट दाखवायचे. बाकीचे पुढच्या महिन्यात.

'कर्करोगाचे औषध' या शब्दाला मी स्वतःहून हात घालत नाही, पण विचारले तर लपवतही नाही. "हो, तेच औषध, पण तिथे फार मोठ्या मात्रेत देतात. इथे सांध्यासाठी आठवड्यातून थोडंसं, म्हणूनच तर वार पाळायचा," असे सांगितले की बहुतेकांना पटते. भीतीने औषध सोडले तर बोटे वाकडी होतात आणि ती पुन्हा सरळ होत नाहीत. आमच्या गावात अशा हातांनी भाकरी थापायचा प्रयत्न करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

उत्तर ५: दुष्परिणाम_नोंद_केंद्र

मी एका वैद्यकीय महाविद्यालयातील दुष्परिणाम नोंद केंद्रात काम करते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर: नोंद करायची, आणि 'दुष्परिणाम की चूक' हे आधी ठरवण्याची गरज नाही. औषध घेण्यात चूक होऊन त्यातून हानी झाली असेल तर तीही कळवता येते. वर्णनात "आठवड्याऐवजी रोज घेतले गेले" असे स्पष्ट लिहा. ते वाक्य नसेल तर आमच्याकडे ही केवळ 'पांढऱ्या पेशी कमी झाल्या' अशी नोंद होईल आणि तिच्यातून शिकण्यासारखे काही उरणार नाही.

भारतात औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा औषध दक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. फार्मासिस्ट, परिचारिका, डॉक्टर यांपैकी कोणीही नोंद करू शकतो. रुग्णांसाठी वेगळा, सोपा अर्ज आहे आणि तो मराठीतही उपलब्ध आहे. सूनबाई तो स्वतः भरू शकतात. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही कळवता येते. रुग्णाचे पूर्ण नाव द्यायचे नसते, आद्याक्षरे पुरतात. वय, काय झाले, केव्हा सुरू झाले, संशयित औषध, त्याची मात्रा, बॅच, सुरू आणि बंद केल्याच्या तारखा, आणि नोंद करणाऱ्याची माहिती हे महत्त्वाचे. येथे तुमच्याकडे एक दुर्मीळ गोष्ट आहे: गोळ्या मोजलेले पाकीट. बहुतेक नोंदींत 'किती घेतल्या' हे अंदाजाने लिहिलेले असते.

औषध बंद केल्यावर त्रास कमी झाला का, याला आमच्या भाषेत डीचॅलेंज म्हणतात आणि कारणसंबंध ठरवताना त्याला वजन असते. आजींच्या पेशी सुधारल्या, म्हणून तेही लिहा, आणि मधे ल्युकोव्होरिन दिले होते हेही.

नोंद पाठवणे म्हणजे चूक कबूल करणे नव्हे, असे त्या अर्जावरच छापलेले असते. तुमच्या मालकांना ती ओळ दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या मार्चमध्ये औषधोपचारातील टाळता येण्याजोग्या हानीविरुद्ध जागतिक मोहीम सुरू केली. तिच्या मुळाशीही हाच विचार आहे की माणसाला दोष देऊन चूक थांबत नाही, ती घडण्याची जागा शोधावी लागते. तुमच्या प्रकरणात अशा निदान चार जागा दिसतात: दोन अक्षरांची चिठ्ठी, दहा गोळ्यांचे पाकीट, 'आठवड्याची' हा शब्द, आणि न विचारलेला "कधी घेणार?" हा प्रश्न.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: डीफार्म_प्रशिक्षणार्थी

सर्वांचे मनापासून आभार. काल मालकांना अर्जावरची ती ओळ दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनीच बॅच क्रमांक शोधून दिला आणि आम्ही नोंद पाठवली.

आजींना भेटून आले. त्यांना माझा राग नव्हता, हे अधिक अवघड वाटले. त्यांनी सांगितले की मागच्या पावसाळ्यात खोकल्यासाठी आमच्याच दुकानातून 'आठवड्याच्या गोळ्या' दिल्या होत्या, त्या रोज एक अशा होत्या, म्हणून याही तशाच असतील असे वाटले. केमिस्टकाकांनी लिहिले ते शब्दशः खरे निघाले.

आणखी एक विचारायचे आहे. आमच्या संगणकावरून जे लेबल छापले जाते त्यात १-०-० या पद्धतीशिवाय दुसरा पर्याय नाही. 'आठवड्यातून एकदा' असा लाल शिक्का करून घ्यावा असे मालक म्हणतात. तो चालेल का?

उत्तर ६: तालुक्याचा_केमिस्ट

शिक्का करा, पण त्यावर 'आठवड्यातून एकदा, फक्त ______ वारी' असे घ्या आणि वाराची जागा रिकामी ठेवा. मी पूर्वी संपूर्ण मजकुराचा शिक्का केला होता. तो मारायची इतकी सवय झाली की वार विचारायचाच राहू लागला. रिकामी जागा भरण्यासाठी गिऱ्हाइकाशी बोलावेच लागते. आणि मेथोट्रेक्सेटपुरते ते १-०-० चे लेबल चिकटवूच नका; एकाच पाकिटावर दोन सूचना असल्या की माणूस ओळखीची सूचना पाळतो.